तीन हजार दहाचं पेट्रोल

१

गाडीत पंधरा वस्तू होत्या.

पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या. धपाट्यांचा स्टीलचा डबा, झाकण न उघडलेला. इन्शुलिनची पिशवी. चष्मा. पंचा. निळी फाईल. गाडीच्या कागदपत्रांचं प्लास्टिकचं पाकीट. नातीसाठी, सायलीसाठी, संगारेड्डीला घेतलेली चिक्कीची पुडी. पैशांचं पाकीट, आत अकराशे ऐंशी रुपये. शर्टाच्या खिशात क्रेडिट कार्ड, आणि त्या कार्डाभोवती गुंडाळलेल्या मशीनच्या तीन चिठ्ठ्या. एक तीन हजार दहाची, एक पंधराशेची, एक पाचशेची. तिन्हींवर शेवटची ओळ एकच होती: व्यवहार नाकारला.

पंधरावी वस्तू म्हणजे सीटखाली गेलेली डावी चप्पल. उजवी पायात होती.

त्रिवेणीने पंचनाम्याची प्रत तिसऱ्यांदा वाचली. हैदराबादेत, तारनाक्याच्या प्रयोगशाळेत ती सहा वर्षं हेच करत आली होती. काय आहे ते मोजायचं, आणि मग काय असायला हवं होतं आणि नाही, ते शोधायचं. या यादीत दोन गोष्टी नव्हत्या. बाबांचा फोन नव्हता. तो अंबरपेठच्या घरी, त्यांच्या उशीखाली सापडला होता. त्यांनी मुद्दामच ठेवला असणार, कारण घरात सांगताना ते तारनाक्याला मित्राकडे जातो म्हणाले होते आणि निघाले होते थेट उदगीरला.

भगवंतराव, वय बाहत्तर, रेल्वेतून निवृत्त. मेच्या दुसऱ्या मंगळवारी, पारा त्रेचाळीसवर असताना, सदाशिवपेठच्या पुढे मुंबई हायवेवरच्या एका पेट्रोल पंपाच्या आवारात, स्वतःच्या गाडीत गेलेले सापडले. पोलिसांनी उष्माघात लिहिला आणि कागद मिटले.

घरात मात्र वेगळाच निकाल लागला होता.

"तिनं दोन दाबलं म्हणून काका गेले," चुलतभाऊ शिवराज बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाला होता. "एक दाबलं असतं तर आज इथं बसले असते."

ती म्हणजे मानसी, त्रिवेणीची वहिनी. पुण्याची मुलगी, बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम घरून करणारी. बाबांचं कार्ड तिच्या नवऱ्याच्या, संदेशच्या, खात्याला जोडलेलं होतं आणि वर्षभर शहराबाहेर गेलं नव्हतं. त्या दुपारी बारा एकेचाळीसला ते एकदम हायवेवर निघालं, तेव्हा बँकेला शंका आली आणि बँकेने मेसेज पाठवून विचारलं: हा व्यवहार तुमचा आहे का? असेल तर एक, नसेल तर दोन. बारा त्रेचाळीसला या घरातून उत्तर गेलं, दोन. कार्ड बंद पडलं. प्रवासाला निघण्याआधी बँकेला एक ओळ कळवली असती तर हा मेसेज आलाच नसता. पण चोरून निघालेला माणूस बँकेला कुठून कळवणार?

मानसीने काहीच लपवलं नाही. "बाबा तारनाक्याला गेलेत असंच मला माहीत होतं. मला वाटलं कार्ड चोरीला गेलं." एवढंच ती म्हणाली होती.

नवव्या दिवशी संदेशने ठरवून टाकलं. तेरावं झालं की मानसी पुण्याला जाईल. चार वर्षांची सायली इथेच राहील.

त्रिवेणी पंचनामा घेऊन उठली. यादीत नसलेली दुसरी गोष्ट होती गाडीची किल्ली.

२

"हौ ताई, किल्ली मीच घेतली होती," पंपाचे मॅनेजर हणमंतराव म्हणाले. पन्नाशीचे, जाड भुवयांचे. त्यांनी नजर टाळली नाही. "अठ्ठावीस लिटर टाकीत गेलेलं. कार्ड चालंना. परत काढता येतं का ते? संध्याकाळी हिशेब जुळला नाही तर या सुरेशच्या पगारातून कापतेत."

सुरेश, पेट्रोल भरणारा, बाजूला उभा होता. त्याने मान खाली घातली.

"ते नेहमी यायचे का इथे?"

"वीस वर्षं! हैदराबादेत भरायचे नाहीत. इथलं माप खरं म्हणायचे. आणि कधी सरळ तीन हजाराचं म्हणणार नाहीत. तीन हजार दहा! का, तर गोल आकड्याला मशीन सेट करून ठेवतात म्हणे." हणमंतराव हसायला गेले आणि थांबले. "दरवेळी रोख द्यायचे. ह्या खेपेलाच कार्ड काढलं."

"मग फोनवरून पैसे मागवा असं कुणी सुचवलं नाही?"

"सुचवलं की. सुरेशनं स्वतःचा फोन दिला त्यांना."

त्रिवेणीची पेन्सिल थांबली. "फोन केला त्यांनी? कुणाला?"

सुरेशने खिशातून फोन काढला, अंगठ्याने नऊ दिवस मागे गेला आणि स्क्रीन तिच्यापुढे धरली. मंगळवार, दुपारी एक वाजून सहा मिनिटं. एक मिनिट बावन्न सेकंद. खालचा नंबर त्रिवेणीला पाठ होता. घरातल्या सगळ्यांनाच होता, आणि बाबांना तर तेवढा एकच.

"काय बोलले?"

"हळू बोलत होते, आम्मा. मी गिऱ्हाईक बघत होतो. फोन परत देताना म्हणाले, पोरगा येतोय पैसे घेऊन. मी बोललो, येतो कायकू, फोनवरनंच टाकायला सांगा ना, एक मिनिटाचं काम. तर म्हणाले, त्याचं सर्वर बंद आहे, तो स्वतः निघालाय."

"मी दीड वाजता जाऊन बोललो," हणमंतराव म्हणाले. "बोललो, असतील तेवढे अकराशे द्या, गाडीचे कागद ठेवा, जावा तुम्ही. तुमचं वय बघून बोललो. तर म्हणाले, नको, पोरगा वाटेत आहे, तो येईल आणि मी नसेन तर घोटाळा होईल. ऑफिसात कूलरपाशी बसवलं होतं त्यांना. तिथनं रस्ता दिसत नाही म्हणून उठून गाडीत जाऊन बसले. पोराला गाडी दिसायला पाहिजे म्हणाले."

"शेवटचं कुणी पाहिलं?"

"मी," सुरेश म्हणाला. "तीन दहाला पाण्याची बाटली दिली. बोलत होते तेव्हा. टाइम विचारला, म्हणून याद आहे. पावणेचारला गेलो तर..."

त्रिवेणीने वहीत लिहिलं: ३.१०, जिवंत.

कार्ड बंद पडणं हा अपघात होता. पण कार्ड बंद पडल्यावर तेवीस मिनिटांनी बाबांनी घरी फोन केला होता. कुणीतरी तो उचलला होता, पोरगा निघालाय असं सांगितलं होतं, आणि कुणीच आलं नव्हतं.

३

तो नंबर एका जुन्या फोनचा होता. घरात त्याला ओटीपीचा फोन म्हणत. संदेशचा पंधरा वर्षांपूर्वीचा नंबर. सगळी बँक खाती, गॅस, वीज, विमा, सगळं त्याच्याशी जोडलेलं. तो स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याशेजारी चार्जरला लावलेला असे. ज्याला लागेल त्याने ओटीपी वाचायचा, बाहेर असेल त्याने घरातल्या कुणाच्या तरी मोबाईलवर फोन करून वाचायला लावायचा. कुलूप उघडायची खूण सायलीलासुद्धा येत होती.

त्रिवेणीने आल्या आल्या त्यातली कॉलची यादी उघडली. मंगळवारचा रकाना रिकामा होता. सोमवारचा रिकामा होता. त्याआधीचाही.

"पुसलंय कुणीतरी," शिवराज तिच्या खांद्यावरून डोकावून म्हणाला. "आता कळलं? घरात कोण होतं त्या टायमाला? आई देवळात भजनाला. सायली झोपलेली. राहिलं कोण?"

त्रिवेणी वर गेली. मानसी सायलीचे कपडे दोन ढिगांत लावत होती. एक ढीग अगदीच लहान होता.

"वहिनी, एक वाजून सहा मिनिटांनी तू कुठे होतीस?"

"इथेच. एक ते दोन मीटिंग होती माझी. हेडफोन लावून."

"खालचा फोन वाजलेला ऐकलास?"

"तो फोन?" मानसीने वर पाहिलं. "तो कधी वाजतो? मी दोन वर्षांत त्याची रिंग ऐकलेली नाही. मेसेज आला की टुंग होतं तेवढंच." तिने एक फ्रॉक घडी करून मोठ्या ढिगात ठेवला. "तुलाही वाटतंय ना, मीच पुसलं म्हणून?"

"मला अजून काही वाटत नाही."

"छान. या घरात तू एकटीच आहेस तशी."

संदेश गच्चीवर बसला होता, डोकं भादरलेलं, अंगावर पांढरा पंचा. दहा दिवसांत गाल खाली उतरले होते. त्रिवेणीने विचारलं तेव्हा त्याने चिडून उत्तर दिलं. "मी ऑफिसात होतो, गच्चीबावलीला. सकाळी नऊपासून. रजिस्टर बघ, कार्ड पंच असतं. तू काय पोलीस झालीस काय गं?"

"निळ्या फाईलमध्ये काय होतं माहितीये तुला, दादा?"

तो उठून कठड्यापाशी गेला.

फाईलमध्ये एक टाइप केलेला अर्ज होता. उदगीरच्या प्लॉटचं मुखत्यारपत्र बाबांनी मागच्या वर्षी संदेश आणि शिवराज दोघांच्या नावे करून दिलं होतं. ते रद्द करण्याचा तो अर्ज. खाली सही, तारीख त्याच मंगळवारची.

"शिवदादा," त्रिवेणीने खाली येऊन विचारलं, "मंगळवारी दुपारी तू कुठे होतास?"

"मी? दुकानात. बेगम बाजारात. कुठं असणार?"

शिवराजचं मिरची-हळदीचं ठोक दुकान होतं. त्रिवेणी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे गेली. शेजारच्या दुकानातले सुक्या मेव्याचे व्यापारी वजनकाट्यावरून मान वर न करता म्हणाले, "मंगळवारी? नक्को पूछो बेटा, दिवसभर शटर खाली होतं त्याचं. त्याचे दोन टेंपो माझ्या दारात उभे राहिले."

४

"खोटं का बोललास?"

शिवराजने आधी दरवाजा लोटून घेतला. मग पोत्यावर बसला. मिरचीच्या वासाने त्रिवेणीला ठसका लागला आणि त्याने सवयीने तिच्यापुढे पाण्याचा लोटा सरकवला.

"उदगीरला होतो," तो म्हणाला. "प्लॉट विकायला. काका रद्द करायला निघालेत हे मला ठाऊक नव्हतं, माझ्या लेकरांची आण. संदेश म्हणाला, त्याला शेअर बाजारात फटका बसलाय, अर्ध्या भावात गेला तरी चालतंय, पण ह्याच आठवड्यात पाहिजे. मी म्हणलं, तुझ्या बापाचा प्लॉट, तुझा तू बघ, मला फक्त सही करायची. तुला कळलं असतं तर तू बोंबलली असतीस. म्हणून दुकान म्हणालो."

"किती वाजता पोचलास?"

त्याने कपाटातून खरेदीखताची प्रत काढली. टोकन घेतल्याची वेळ अकरा वीस. नोंदणीचा फोटो चार वाजून दहा मिनिटांचा, त्याच्या चेहऱ्यावर झोप आणि घाम दोन्ही. उदगीर अंबरपेठपासून दोनशे किलोमीटरवर. एक वाजून सहा मिनिटांनी त्याने या घरातला फोन उचलणं शक्य नव्हतं.

"संदेशनं दिवसात सात फोन केले मला," शिवराज म्हणाला. "झालं का, झालं का. शेवटी ओरडलो त्याच्यावर. इथं रांग आहे, म्हणलं, साडेतीन-चार होतील." तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. "त्रिवेणी, मी तिकडं सह्या करायलो होतो आणि काका तिकडं..."

"त्याला साडेतीन-चार कधी सांगितलंस?"

"एक वाजता. पाच-दहा मिनिटं अलीकडं-पलीकडं."

परतीच्या वाटेवर त्रिवेणीने गणित पुन्हा मांडलं. शिवराज उदगीरला. आई देवळात. संदेश ऑफिसात, ते दाराच्या पंचवर नोंदलेलं. घरात सज्ञान माणूस एकच उरत होतं. सगळी वजाबाकी करून उत्तर मानसी येत होतं. तिच्याकडे कारण मात्र एकही नव्हतं. प्लॉटचं तर तिला अजूनही माहीत नव्हतं.

उत्तर बरोबर आणि तरी चुकीचं वाटत असेल, तर गृहीत धरलेलं काहीतरी खोटं असतं. तिने काय गृहीत धरलं होतं? कॉल आला आणि नोंद पुसली गेली. पण पुसणारा माणूस एक कॉल पुसतो. यादी तर महिनोन् महिने रिकामी होती. आणि दोन वर्षांत कुणी रिंग ऐकली नव्हती.

घरी येऊन तिने ओटीपीचा फोन हातात घेतला. वरच्या पट्टीत, सिग्नलच्या काड्यांशेजारी, फोनचं बारीक चित्र होतं आणि त्यातून बाहेर जाणारा एक बाण. धुळीच्या कणाएवढा.

तिने फोन होता तसा परत ठेवला आणि सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं.

५

आई, पद्मावतीबाई, पाटावर बसल्या. मानसी दाराशी उभी राहिली. शिवराज दुकानातून तसाच आला होता, बाह्यांवर हळद घेऊन. संदेश गच्चीवर होता. त्याला बोलवायला सायली निघाली तर त्रिवेणीने तिला अडवलं आणि अंगणात खेळायला पाठवलं.

"आई, बाबांनी मंगळवारी एक वाजून सहा मिनिटांनी या फोनवर कॉल केला. मी आता तोच करतेय. सगळ्यांनी फोनकडे बघा."

तिने स्वतःच्या मोबाईलवर नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला. पलीकडे रिंग जायला लागली. एक. दोन. मिसळणाच्या डब्याशेजारी ओटीपीचा फोन काळा, गप्प पडून होता. तीन. पद्मावतीबाई पुढे वाकल्या. "हा वाजायला का नाही गं?"

चौथ्या रिंगला कॉल उचलला गेला.

"काय गं," स्पीकरमधून आवाज आला. "खाली असून फोन कशाला करायलीस?"

वरून, जिन्यातून, तेच शब्द अर्ध्या क्षणाने पुन्हा ऐकू आल्यासारखे झाले होते.

"दादा," त्रिवेणी म्हणाली, "मी तुझा नंबर लावला नव्हता. ओटीपीच्या फोनचा लावला होता. खाली ये."

तो आला तेव्हा ती शांतपणे बोलली, निकालपत्र वाचावं तशी. "या फोनवर येणारे कॉल तुझ्या मोबाईलवर वळवलेले आहेत. मेसेज वळत नाहीत, ते इथेच येतात. म्हणून बँकेचा मेसेज वहिनीला दिसला, आणि बाबांचा फोन तुला लागला. इथे नोंद पुसली नव्हती. इथे नोंद झालीच नव्हती."

"आईच्या दुपारच्या झोपेत लोन विकणाऱ्यांचे फोन यायचे," संदेश म्हणाला. "म्हणून वळवले होते. दोन वर्षांपूर्वी. माझ्या लक्षातही नव्हतं."

"मंगळवारचा लक्षात आहे?"

"मीटिंग होती. अनोळखी नंबर होता. आवाज नीट येत नव्हता. आणि... सर्वर खरंच बंद होता, पैसे जात नव्हते."

मानसी दारातून पुढे आली. तिने फोनवर दोघांचं एकत्र खातं उघडलं, खाली सरकवलं आणि ओट्यावर ठेवलं. "एक चौदा. तुझ्या ऑफिसचं कँटीन. एकशे ऐंशी रुपये. फोनवरून गेलेत." तिचा आवाज अगदी सपाट होता. "बाबांचा फोन ठेवल्यावर सहाव्या मिनिटाला तू जेवलास, संदेश."

"मला फक्त चार वाजेपर्यंत हवं होतं!" तो एकदम ओरडला. "उदगीरला निघालोय म्हणाले तेव्हाच कळलं, मुखत्यारपत्र रद्द करायला निघालेत. शिवाची सही होईपर्यंत. तेवढंच. म्हणलं, थांबा तिथंच, मी निघालोय. चार वाजता पैसे टाकणारच होतो. मला वाटलं ऑफिसात बसतील, कूलरसमोर. गाडीत जाऊन बसतील हे मला काय ठाऊक?"

"तुला गाडी दिसावी म्हणून बसले," त्रिवेणी म्हणाली.

शिवराजने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मी दोन दाबलं," मानसी म्हणाली. "ते तू मला रोज रात्री ऐकवलंस. सायलीला म्हणालास, आईमुळे आजोबा गेले. तुला सगळं माहीत होतं."

संदेशने तिच्याकडे पाहिलं नाही. तो आईसमोर खाली बसला. "आई, आता काहीही म्हण. पण खरंच निघालो असतो ना, तरी पोचलो नसतो. दुपारची गर्दी, मेहदीपट्टणमकडून येणारे ट्रक, रस्त्याचं काम चालू. अडीच-तीन तास लागले असते. ते वाचलेच नसते."

पद्मावतीबाईंनी सुनेकडे मान वळवली आणि म्हणाल्या, "मानसी, लेकराचे कपडे परत कपाटात लाव. तू कुठं जायची नाहीस. ज्याला जायचं तो जाईल." त्यांनी पदर तोंडावर धरला, पण आवाज फुटू दिला नाही. "त्रिवेणी. हा म्हणतो पोचला नसता. खरं का गं?"

"माहीत नाही, आई," त्रिवेणी म्हणाली. "मोजलेलं नाही."

"मग मोज," आई म्हणाल्या. "मला कळू दे."

६

पुढच्या मंगळवारी त्रिवेणी गच्चीबावलीला संदेशच्या ऑफिसच्या फाटकापाशी गाडी घेऊन उभी राहिली. पारा बेचाळीस. रस्त्याचं काम तसंच चालू होतं. तिने किलोमीटरचा आकडा शून्यावर आणला आणि एक वाजून आठ मिनिटांनी घड्याळ लावलं.

ती कुठेही वेगाची मर्यादा ओलांडून गेली नाही. पटानचेरूला सिग्नलवर चार मिनिटं गेली. संगारेड्डीच्या अलीकडे टँकर आडवा झाला होता, तिथे सात. सदाशिवपेठ ओलांडल्यावर रस्ता मोकळा होता. पंपाच्या आवारात शिरून तिने हवा भरायच्या मशीनशेजारी गाडी थांबवली, घड्याळ बंद केलं आणि वहीत, '३.१०, जिवंत' या ओळीखाली, लिहिलं. मग तेच आईला पाठवलं.

अंतर: ७१.४ किलोमीटर. लागलेला वेळ: एक तास चोवीस मिनिटं. पोचण्याची वेळ: दोन वाजून बत्तीस मिनिटं.